वाचकांचे प्रश्न : लिनक्सची स्क्रीन लॉक होत नाही तेव्हा

प्रश्न : आमची केळी खरेदीची पेढी आहे. पेढीतील लॅपटॉपवर लिनक्स असून डेस्कटॉप एक्सएफसीईचा आहे. काम थांबल्यावर दहा मिनिटांनी स्क्रीन लॉक व्हावी, असे ठरवून दिले आहे; परंतु कधी ती लॉक होते, तर कधी रात्रभर उघडीच राहते. झाकण मिटून पुन्हा उघडले की पासवर्ड न विचारता थेट हिशेबाचा तक्ता समोर येतो. लिनक्स नव्याने टाकावे काय?
— एक वाचक, रावेर

उत्तर : नव्याने टाकण्याची गरज दिसत नाही, उलट तसे केल्यास दोष कोठे होता हे कधीच कळणार नाही. मात्र दुरुस्ती पुढे ढकलू नये. अशा पेढीच्या लॅपटॉपवर बागायतदारांचे बँक खाते क्रमांक आणि आधारच्या प्रती असतात, आणि काटणीच्या हंगामात तेथे दिवसभर माणसांची ये-जा चालू असते.

स्क्रीन लॉक करणे हे एकाच प्रोग्रॅमचे काम नाही. काम थांबून किती वेळ झाला हे मोजणारा भाग वेगळा, स्क्रीन झाकणारा लॉकर वेगळा आणि पासवर्ड तपासणारी ‘पॅम’ ही व्यवस्था वेगळी. म्हणून यांपैकी कोणी काम सोडले, हे आधी पाहावे. टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहिण्याची खिडकी, उघडून ‘एक्सएफलॉक४’ ही आज्ञा रोमन लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहावी. स्क्रीन लगेच लॉक झाली, तर लॉकर ठीक आहे आणि दोष बहुधा वेळ मोजण्यात आहे. झाली नाही, तर लॉकर बसवलेलाच नाही किंवा तो चालू नाही. काही यंत्रांवर ‘लाइट-लॉकर’ आणि एक्सएफसीईचा स्वतःचा स्क्रीनसेव्हर असे दोन्ही बसवलेले असतात आणि ते एकमेकांच्या आड येतात. तसे असल्यास एकच ठेवावा. ‘लॉगिनसीटीएल लॉक-सेशन’ ही आज्ञाही अनेक जण सुचवतात, पण ती स्वतः काही लॉक करत नाही, लॉक करण्याचा संदेश फक्त पाठवते. तो ऐकणारा लॉकर चालू नसला तरी ती मुकाट्याने संपते, त्यामुळे चूक दाखवली नाही म्हणजे काम झाले, असे समजू नये.

‘कधी होते, कधी होत नाही’ हे आपले निरीक्षण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. एक्सएफसीई बहुतेक ठिकाणी अजूनही एक्स११ या जुन्या चित्रप्रणालीवर चालते, आणि तेथे लॉकर हा इतर प्रोग्रॅमांसारखाच एक साधा प्रोग्रॅम असतो. स्क्रीन लॉक करण्यासाठी त्याला कीबोर्ड आणि माउस यांचा ताबा स्वतःकडे घ्यावा लागतो. परंतु माउसचे उजवे बटण दाबून उघडलेला मेनू तसाच राहिला असेल, तर तो ताबा आधीच त्या मेनूकडे असतो. मग लॉकरला तो मिळत नाही आणि स्क्रीन उघडी राहते. आपले लेखनिक तक्त्यावर असा मेनू उघडा ठेवून उठून जातात का, हे दोन-चार दिवस पाहावे. ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू असला, तरीही तो ‘काम चालू आहे’ असे कळवून वेळेची मोजणी थांबवू शकतो. या दोन्हींवर उपाय एकच : उठताना स्वतः लॉक करण्याची सवय, आणि त्यासाठी कीबोर्डच्या शॉर्टकटांत ‘एक्सएफलॉक४’ला एक सोयीची की नेमून देणे.

झाकणाची बाब निराळी आहे. पॉवर मॅनेजरमध्ये ‘झोपेत जाताना स्क्रीन लॉक करा’ असा पर्याय असतो. तो बहुधा बंद असेल. तो चालू केल्यावरही झाकण उघडताच तक्ता क्षणभर दिसून मग लॉक आले, तर समजावे की यंत्र झोपी जाण्यापूर्वी लॉकरला पडदा रंगवणे जमले नाही. लिनक्समधील सेवा सांभाळणारी ‘सिस्टिमडी’ ही व्यवस्था अशा कामासाठी मूळ रचनेत ५ सेकंदांपर्यंत थांबते. पण लॉकरने आधी तशी विनंती नोंदवलेली असावी लागते, आणि ती सगळेच लॉकर नोंदवत नाहीत.

प्रश्न : शाळेतील संगणकावर मी इनस्क्रिप्टने मराठी टाइप करते. लॉक झालेल्या स्क्रीनवर पासवर्ड बरोबर देऊनही तो नाकारला जातो. संगणक बंद करून चालू केला की तोच पासवर्ड चालतो. मधल्या काळात न जपलेले काम जाते.
— एक शिक्षिका, शिरपूर

उत्तर : स्क्रीन लॉक झाली तेव्हा कीबोर्ड मराठीवर असेल, तर लॉक स्क्रीनवरही तो मराठीवरच राहू शकतो. पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे देवनागरी अक्षरे पडत असल्याचे कळत नाही. नोम डेस्कटॉपवर वरच्या पट्टीत भाषेचे चिन्ह असते. पासवर्ड देण्यापूर्वी तेथे इंग्रजी निवडावी.

भाषा बदलल्यावरही पासवर्ड नाकारला जात असेल, तर चुकीचे पासवर्ड मोजणाऱ्या ‘फेललॉक’चा विचार करावा. ही व्यवस्था जेथे चालू असते, तेथे मूळ रचनेनुसार ३ चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते १० मिनिटे अडवले जाते, आणि त्या काळात बरोबर पासवर्डही स्वीकारला जात नाही. म्हणजे मराठी कीबोर्डवर झालेले तीन प्रयत्न पुढच्या बरोबर प्रयत्नालाही अडवतात. चुकांची ही नोंद सामान्यतः यंत्र बंद होताच पुसली जाते; आपला पासवर्ड पुन्हा चालू केल्यावर का चालतो, याचे कारण हेच असावे. तेव्हा यंत्र बंद न करता १० मिनिटे थांबावे, म्हणजे उघडे असलेले काम वाचेल. संगणकावर दुसरे प्रशासक खाते असेल, तर त्यावरून ही नोंद लगेचही पुसता येते.

प्रश्न : लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर अपडेटनंतर काळ्या पडद्यावर ‘स्क्रीन लॉकर बिघडला आहे’ अशा अर्थाचा संदेश आला. आता काय करावे?
— एक विद्यार्थी, धुळे

उत्तर : हा बिघाड सुरक्षित बाजूचा आहे, लॉकर कोसळला, तरी डेस्कटॉप उघडा पडलेला नाही. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटमध्ये नेमके उलटे घडल्याचे उघड झाले होते : पडद्यावरील कीबोर्डच्या कळा दाबल्याने लॉकर कोसळून स्क्रीन खुली होत होती, आणि ही चूक लहान मुलांच्या खेळातून सापडली होती.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबून दुसऱ्या टर्मिनलवर जावे आणि आपल्याच नावाने लॉगिन करावे. ‘लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स’ने डेस्कटॉपच्या सेशनचा, म्हणजे चालू लॉगिनचा, क्रमांक पाहून ‘लॉगिनसीटीएल अनलॉक-सेशन’पुढे तो लिहावा, आणि कंट्रोल-ऑल्टसह एफ१ किंवा एफ२ दाबून परत यावे. काम जपून झाल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करावे, कारण अपडेटने लॉकरला लागणाऱ्या लायब्ररी (सामायिक प्रोग्रॅम-फाइली) बदललेल्या असतात आणि चालू सेशन मात्र जुन्यांवरच चाललेले असते. मोठ्या अपडेटनंतर हे लगेच केल्यास ही अडचण सहसा येत नाही.