राउटर उलटा करून आधी लेबल वाचा

प्रश्न : दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात पोरांसाठी अभ्यासिका चालवतो. टीपी-लिंकचा डब्ल्यूआर८४१एन राउटर आहे, कनेक्शन २० एमबीपीएसचं. कुणी काही अपलोड करायला लागलं की बाकीच्यांचे भरतीचे फॉर्म अडकतात. यवतमाळच्या मित्राने याच मॉडेलवर ओपनडब्ल्यूआरटी (कंपनीच्या सॉफ्टवेअरऐवजी राउटरवर चालणारं मोफत, खुलं सॉफ्टवेअर) टाकलं आहे. त्याची फाईल टाकू का?

उत्तर : भाऊ, ती फाईल टाकू नका. आधी राउटर उलटा करा आणि लेबलवर मॉडेलच्या शेजारी ‘व्हर्जन’ किती लिहिलंय ते वाचा. कंपनीने ८४१एन या एकाच नावाखाली वर्षानुवर्षं वेगवेगळे डबे विकले. व्हर्जन ९ मध्ये क्वालकॉमची चिप, १३ मध्ये मीडियाटेकची. एकाची फाईल दुसऱ्यात घातली तर राउटर सुरूच होत नाही. मित्राचं आणि तुमचं व्हर्जन एकच असेल, असं गृहीत धरू नका.

१३ असेल तर तुमचं काम होईल. त्यात ८ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवायची जागा) आणि ६४ एमबी रॅम (चालताना लागणारी मेमरी) आहे. आजच्या मानाने कमीच, पण ओपनडब्ल्यूआरटी बसतं. १४ असेल तर मी नाहीच म्हणेन. नंतरचं मॉडेल असूनही त्यात फ्लॅश ४ एमबी आणि रॅम ३२ एमबीच आहे. एवढ्या कमी जागेच्या डब्यांसाठी ओपनडब्ल्यूआरटीची शेवटची शाखा १९.०७ होती आणि तिच्या सुरक्षा दुरुस्त्या २०२२ मध्ये थांबल्या. पोरं जिथे आधार नंबर आणि बँकेचे तपशील भरतात, तिथे असा राउटर ठेवू नये.

व्हर्जन १३ मध्ये फाईल कंपनीच्या वेब पानावरून चढत नाही. लॅपटॉपवर टीएफटीपी सर्व्हर (केबलवरून राउटरला फाईल देणारा छोटा प्रोग्राम) लावायचा, लॅपटॉपचा आयपी ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर त्या व्हर्जनच्या माहितीपानावर दिलेला ठेवायचा, केबल लॅन पोर्टला जोडायची आणि रिसेट दाबून धरूनच राउटर चालू करायचा. तो फाईल ओढायला लागला की बटण सोडा. उतरवलेल्या फाईलचा शा-२५६ आकडा (फाईल जशीच्या तशी उतरली का ते सांगणारा) आधी साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा.

आता लाईनचं, म्हणजे विजेचं. आपल्याकडे ती कधी जाईल याचा नेम नाही आणि फ्लॅश लिहिताना ती गेली तर सगळं अर्धवट राहतं. राउटर इन्व्हर्टरवर घ्या किंवा ९ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी हे काम काढूच नका.

चढल्यावर वायफाय दिसलं नाही तर घाबरू नका, ते मुळात बंदच असतं. केबलने १९२.१६८.१.१ उघडा, आधी पासवर्ड ठेवा, मग देश भारत निवडून वायफाय सुरू करा. तुमच्या दुखण्यावरचं औषध एसक्यूएम (इंटरनेटची रांग सांभाळणारं) नावाच्या पॅकेजात, म्हणजे वरून टाकायच्या जोड-सॉफ्टवेअरमध्ये आहे. गर्दी नसताना स्पीड मोजा आणि त्याच्या साधारण ९० टक्के आकडा डाउनलोड-अपलोडला भरा. मग मोठी फाईल चढत असली तरी फॉर्मची पाकिटं (डेटाचे तुकडे) तिच्यामागे रांगेत ताटकळत नाहीत. स्पीड थोडा उतरेल, तो उतरू द्या.

प्रश्न : फायबरवाल्यांनी भिंतीवर लावलेल्या डब्यातही हे टाकता येईल का?

उत्तर : त्याला हात लावू नका. ती ओएनटी आहे, म्हणजे फायबरमधला प्रकाश इंटरनेटच्या सिग्नलमध्ये बदलणारी पेटी. तिची ओळख कंपनीच्या यंत्रणेत नोंदलेली असते. ती बिघडली तर फायबर बंद पडेल. तुमचा राउटर तिच्या लॅन पोर्टला मागे जोडा.