जुन्या रॅले सायकलच्या मागच्या हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) 'एडब्ल्यू ५८ ३' असं कोरलंय, सायकल १९५८ चीच समजायची का?

बहुतेक हो, हब मार्च १९५८ चा आहे आणि चाक बदललेलं नसेल तर सायकलही त्याच सुमाराची. स्टर्मी-आर्चर या ब्रिटिश कंपनीचे हे थ्री-स्पीड हब (आत तीन गिअर असलेले) असेच वाचायचे, एडब्ल्यू म्हणजे मॉडेल, मग सालाचे शेवटचे दोन आकडे आणि मग महिना (त्याआधीच्या हबांवर कधीकधी सालाचा एकच आकडा असतो, तिथे जरा गोंधळ होतो). पण तारीख हबच्या बाहेरच्या कवचाची असते, सायकलची नाही, हब आधी बनायचा आणि सायकलला नंतर लागायचा, त्यामुळे दोनचार महिने पुढेमागे धरा. आता चाक ओरिजिनल आहे का ते बघायला स्पोक मोजा, ब्रिटिश सायकलींना तेव्हा पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे, दोन्हीकडे ३६ निघाले तर संशय घ्या, पण नंतरच्या काही एक्सपोर्ट मॉडेलना ३६-३६ पण यायचे म्हणून एवढ्यावरच निकाल लावू नका. दोन्ही रिम एकाच मेकच्या आणि सारख्याच गंजलेल्या असतील तर माझ्या मते तो जास्त भरवशाचा पुरावा.

आणि हो, क्रँक (पेडलचा दांडा) किंवा बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधली पेडलच्या आसाची जागा) खोललात तर जुने कप-कोन, म्हणजे तिथले बेअरिंगचे भाग, फेकू नका, जुन्या रॅलेच्या बॉटम ब्रॅकेटचे आटे इंचाला २६ असतात, नेहमीचे २४ आटेवाले कप त्यात बसत नाहीत, जबरदस्तीने पिळले तर फ्रेमचेच आटे जातील.