महिनाभर टाळ मागू नकोस

परवा एकादशीला आपल्या भजनाला आलीस नि आल्या आल्या टाळ मागितलेस, म्हणून हे सांगतेय. महिनाभर पखवाजाशेजारी बस आणि नुसतं ऐक. विणेकऱ्याकडे लक्ष ठेव. चाल तो धरतो, मग बाकीचे धृपद, म्हणजे पालुपद, उचलतात. आपलाच आवाज कानात घुमायला लागला की तो जरा खाली आणायचा.

हरिपाठ संपला की पळू नकोस. खरं ऐकणं चहाच्या वेळी असतं. कुणी गुडघ्याचं रडगाणं लावलं तर लगेच तेल, काढा, डॉक्टर सुचवू नकोस (मला हे अजून जमत नाही). नवीन असताना मी एका आजींचं पाठांतर भर अभंगात सुधारलं होतं. आजी तीन आठवडे आल्या नाहीत. शेवटी घरी जाऊन बसले, तेव्हा कळलं की तो पाठ त्यांच्या आईचा होता.

व्हॉट्सॲपवर रोज ‘राम कृष्ण हरी’ टाकलंस म्हणजे जोडलेली राहिलीस असं नाही. कोणी दोनदा दिसलं नाही तर फोन कर.

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात दोन रात्री असतात. माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी. तिथे पंगतीत वाढायला ये. फोटो नंतर काढ. वारकऱ्याला गाव विचार, पेरण्या झाल्या का विचार आणि शेजारी बसून घे. येताना पाण्याची बाटली आण, गर्दीत परत निघायला उशीर होतो.