भिशीचे पैसे आणि आयकराची नोटीस

"मॅडम, आयकरवाल्यांची नोटीस आलीये. घरावर धाड पडते का? अटक करतात का? घरी अजून कुणाला सांगितलं नाही." मी समुपदेशक आहे, आणि हा प्रश्न माझ्याकडं निरनिराळ्या तोंडून येतो. विचारणारे कुणी मोठे कारखानदार नसतात. शिकवण्या घेणारे, डबे करणाऱ्या, बारकं दुकान असलेली माणसं असतात. या सगळ्यांना एकच उत्तर देण्यापेक्षा सुनंदाताईंची हकीकत सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.

सुनंदाताई सांगलीत खानावळ चालवतात. पती एसटीतून निवृत्त झालेले, मुलगा पुण्यात नोकरीला. त्या माझ्याकडं आल्या त्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर: झोप नाही, रक्तदाब वाढलेला, जेवण सुटलेलं. पहिल्या भेटीत नोटिशीचा शब्दही त्यांनी काढला नाही. गुडघे, सून, गॅसचे दर असं सगळं बोलून झालं आणि निघताना दारात उभं राहून विचारलं, "आयकराच्या केसमध्ये बाईमाणसाला पण धरून नेत्यात का हो?"

मोबाईलवर मेसेज येऊन आठ-दहा दिवस झाले होते. ईमेलला नोटीस जोडलेली होती, पण ती त्यांनी उघडलीच नव्हती. "उघडली की लागू होती, असं वाटतं," त्या म्हणाल्या. हे मी इतक्यांदा ऐकलंय की त्याला अडाणीपणा म्हणायला माझं मन घेत नाही. उलट आहे ते असं की नोटीस उघडा नाहीतर ठेवा, तिच्यातली तारीख पुढं सरकतच असते. उत्तरच दिलं नाही तर अधिकारी हाती आहे त्या माहितीवरून आपल्या अंदाजानं करनिर्धारण करू शकतात, म्हणजे उत्पन्न आणि कर ठरवू शकतात, आणि नोटिशीला दाद न दिल्याबद्दल १०,००० रुपयांचा दंड वेगळा होऊ शकतो. म्हणजे ताईंना ज्याची भीती वाटत होती, त्याच्याकडं त्यांचं गप्प बसणंच त्यांना नेत होतं.

पुढच्या भेटीत आम्ही ती माझ्या टेबलावर उघडली. मी ताईंनाच मोठ्यानं वाचायला सांगितलं, अडलं तिथं मी पुढं वाचलं. आयकर कायदा १९६१, कलम १४३(२). जुलै २०२४ मध्ये भरलेलं २०२३-२४ या वर्षाचं रिटर्न छाननीसाठी निवडलं आहे. विषय एकच: बचत खात्यात रोखीनं भरलेली मोठी रक्कम. उत्तर द्यायची शेवटची तारीख. वर एक लांबलचक क्रमांक, त्याला डीआयएन म्हणतात. ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या प्रत्येक पत्रावर तो लागतो, आणि आयकराच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तो टाकून पत्र खरं की बनावट ते बघता येतं. आम्ही बघितलं. खरं होतं.

वाचून झाल्यावर मी विचारलं, "यात अटक कुठं लिहिलीय?" त्यांनी पुन्हा वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. नव्हती. धाडीचं कलम वेगळं, १३२. छाननीचा कारभार कागदांचा. २०२० पासून तर बहुतेक छाननी चेहराविरहित झाली आहे. प्रश्न पोर्टलवर येतात, उत्तरं पोर्टलवरच चढवायची. समोरचा अधिकारी गुवाहाटीत बसलाय की इंदूरला, हे आपल्याला कळत नाही आणि आपल्या गल्लीत कुणी जीप घेऊन येत नाही. आपण दाखवलेल्या उत्पन्नात अधिकाऱ्याला काही वाढ करायची असेल तर आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी लागते. आपलं म्हणणं तोंडी मांडायचं असेल तर व्हिडिओ सुनावणी मागता येते. कागद जमवायला वेळ कमी पडत असेल तर पोर्टलवरूनच मुदतवाढीची विनंती करता येते, फक्त तारीख उलटायच्या आधी.

"काही होणार नाही, काळजी करू नका" असं मात्र मी म्हटलं नाही. असं म्हणणारे त्यांना बरेच भेटले होते आणि त्यानं झोप आलेली नव्हती. पैसे भरावे लागू शकतात, वर्षभर हे चालू शकतं, हे सांगितलं. त्या वर्षाच्या रिटर्नचा आदेश ३१ मार्च २०२६ पर्यंत निघायला हवा होता. म्हणजे टांगती तलवार असली तरी तिला तारीख होती. ताईंनी ती कॅलेंडरवर लिहून घेतली.

मग खरा विषय निघाला. खानावळीचा हिशेब साधा होता. कलम ४४एडीखाली, उलाढालीच्या ठराविक टक्क्यानं उत्पन्न दाखवून, सल्लागार दरवर्षी रिटर्न भरून देत. खात्यातले पैसे खानावळीचे नव्हतेच, भिशीचे होते. ताई धरून वीस बायका, महिना ६,००० रुपये, दर महिन्याला एकीची चिठ्ठी. घरात एवढी रोकड नको म्हणून ताई पाच तारखेला १,२०,००० बँकेत भरायच्या आणि दहाला काढून जिची चिठ्ठी निघेल तिला द्यायच्या. बारा महिन्यांचे झाले १४,४०,०००. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली की बँक ते आयकर खात्याला कळवते. काढलेले पैसे कुणी विचारत नाही, भरलेले मात्र दिसतात. गल्लीत पंधरा वर्षं विश्वासानं भिशी चालवणारी बाई कागदावर बेहिशेबी रोकडवाली दिसायला लागली, ती एवढ्यानं.

त्यांना पोलिसांपेक्षा जास्त भीती भिशीतल्या बाकीच्या बायकांची होती. "सुनंदाच्या भिशीनं आम्हाला आयकरात अडकवलं, असं म्हणतील." आणि नवऱ्याची. त्यांना भिशी माहीत होती, पण ती खात्यातून फिरते हे माहीत नव्हतं.

नवऱ्याशी बोलायचं आम्ही ठरवलं तेव्हा ताईंनी आधी सरळ माफीच तयार करून आणली होती. मी ती बाजूला ठेवायला लावली. गुन्हा कबूल करायला जाणाऱ्या माणसाला समोरचा ओरडतोच. त्याऐवजी नोटीस हातात द्यायची, शेवटची तारीख दाखवायची आणि सांगायचं, "मला सीएकडं यायला कुणीतरी सोबत पाहिजे." त्यांचे यजमान ओरडले नाहीत असं नाही. अर्धा तास ओरडले, मग चष्मा काढून बँकेची पासबुकं शोधायला लागले. माझा अनुभव असा की घरच्या पुरुषाला काम दिलं की त्याचा राग बराच खाली बसतो.

याच सुमारास एक गृहस्थ घरी येऊन गेले. वरपर्यंत ओळख आहे, ५० हजारांत मिटवून देतो म्हणाले. ताई दागिने मोडायच्या विचारात होत्या. त्यांच्या मुलानं फोनवर एकच प्रश्न विचारायला लावला, अधिकारी कोण आणि कुठल्या शहरात? अधिकाऱ्याचं नाव करदात्याला कळत नाही अशा पद्धतीत ओळख निघणार कुठून? गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत.

सीए बाईंनी दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगितल्या. सल्लागाराकडून पोर्टलचा पासवर्ड काढून घ्या आणि त्यावर मोबाईल नंबर-ईमेल तुमचाच ठेवा. आणि स्वतःच्या हातानं खुलाशाचं पत्र लिहून चढवू नका. भिशीचा संबंध चिट फंड कायदा १९८२ शीही येतो, त्यामुळं शब्द जपून आणि वकिलाला विचारूनच लिहायला हवेत. खोटं काहीच लिहायचं नाही, पण घाबरून नको तेही लिहायचं नाही. पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे आयकर खात्याकडं आपल्याविषयी काय काय आलंय याची यादी, ती त्यांनी समोर काढली तेव्हा ताई चकित झाल्या. बचत खात्याचं व्याजसुद्धा होतं त्यात.

आता पुरावा. भिशीची वही होती, तारखेनिशी. बँकेचं स्टेटमेंट होतं, पाचला भरले, दहाला काढले. उरलं ते एकोणीस बायकांकडून, आम्ही इतके पैसे दिले असं पॅन नंबरसह सहीचं पत्र. इथंच समुपदेशनाचा सगळा कस लागला, कारण पुष्कळ बायकांची भिशी हा नवऱ्यापासून लपवलेला एकमेव पैसा असतो. मुलीची फी, माहेरचं लग्न, स्वतःचं एखादं मंगळसूत्र त्यातून होतं. पॅन मागणं म्हणजे तो कोपरा उघडा करणं. काहीजणींकडं पॅनकार्ड नवऱ्याच्या कपाटात होतं.

आम्ही माझ्या खोलीत तालीम केली. मी कधी चिडलेली शेजारीण, कधी घाबरलेली. ताईंनी एक वाक्य घट्ट धरलं, "तुझ्यावर काही येऊ नये म्हणून खरं तेच लिहायचं, आणि नाही म्हणालीस तरी आपलं बोलणं चालू राहील." बारा जणींनी आठवड्यात सही दिली. पाच जणी रडतखडत तयार झाल्या. एक गाव सोडून गेली होती, नंबर बंद. आणि एकीनं साफ नकार दिला. नवऱ्याला कळलं तर घराबाहेर काढेल, म्हणाली.

यजमानांचं म्हणणं होतं, तिच्या घरी जाऊन बसू. ताई नाही म्हणाल्या. "तिचं घर मोडून मला माझा टॅक्स वाचवायचा नाही." सीए बाईंनी त्याची किंमत आधी सांगितली होती. मी मध्ये पडले नाही. हा निर्णय त्यांचाच होता, आणि माझ्या मते तो बरोबर होता.

मार्चमध्ये आदेश आला. सतरा जणींचे आणि ताईंचे स्वतःचे पैसे मान्य. त्या दोघींचे मिळून १,४४,००० अमान्य, कलम ६९अ खाली बेहिशेबी. या कलमाचा दर त्या वर्षासाठी ६० टक्के, त्यावर अधिभार आणि उपकर धरून ७८. म्हणजे १,१२,३२० रुपये, व्याज वेगळं, दंडाची कारवाई वेगळी सुरू. पैसे भरायची मुदत तीस दिवसांची. त्या रात्री ताईंचा फोन आला. आवाज ओढलेला होता. मी सरळ विचारलं, जीव देण्याचा विचार येतोय का? हा प्रश्न विचारल्यानं विचार डोक्यात शिरत नाही, न विचारल्यानं माणूस एकटा पडतो. त्या म्हणाल्या, "तसं नाही मॅडम. राग आलाय. पैसे काढलेले त्यांना दिसत नाहीत का?" राग आलेला पाहून मला बरं वाटलं.

तोच मुद्दा धरून तीस दिवसांच्या आत अपील केलं. फॉर्म ३५, फी १,००० रुपये. मागणीच्या २० टक्के रक्कम भरून बाकीच्या वसुलीला स्थगिती मागितली. अपील अजून चालू आहे. दंडाच्या नोटिशीला वेगळं उत्तर गेलंय. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यानं ताईंना वाटलं सगळं पुन्हा पहिल्यापासून. तसं नाही, मागच्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्यानं चालतात.

मदत कुठं मिळते, हे मला नेहमी विचारतात. तुमच्या वतीनं उत्तर द्यायला सीए किंवा वकीलच लागतो असं नाही. अधिकारपत्र देऊन जवळचा नातेवाईकही ते करू शकतो, आणि साध्या प्रकरणात शिकलेला मुलगा-मुलगी पुरते. रक्कम मोठी असेल तर मात्र फी वाचवू नका. पोर्टल चालत नसेल तर त्याची मदतवाहिनी आहे, आयकर कार्यालयांत आयकर सेवा केंद्रं आहेत. आणि रात्री झोप उडाली, छातीत धडधडायला लागलं, नको ते विचार आले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तिथं नोटिशीचं कारण सांगायलाच हवं असंही नाही.

सुनंदाताईंची नवी भिशी दिवाळीपासून सुरू व्हायची होती. वकिलांनी हो म्हणेपर्यंत ती त्यांनी थांबवून ठेवलीये.