रसायनशास्त्र शिकलेली मुलगी आणि पीथमपूरची राख

प्रश्न : आमचे कुटुंब इंदूरला स्थायिक आहे. मुलगी रसायनशास्त्रात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. भोपाळ वायुकांडातील कारखान्याचा विषारी कचरा जाळण्यासाठी जवळच्या पीथमपूर या औद्योगिक गावी आणला तेव्हाचा गोंधळ पाहिल्यापासून ती म्हणते, ‘अशा ठिकाणी लोकांना समजावून सांगण्याचे काम मला करायचे आहे.’ याला करिअर म्हणता येईल का? – एक पालक

उत्तर : सप्रेम नमस्कार.

म्हणता येईल, मात्र ‘समजावून सांगणे’ हा शब्दप्रयोग मुलीने आताच सोडावा, कारण निर्णय झाल्यावर समजूत घालायला आलेल्या माणसावर कोणी विश्वास ठेवत नाही. भोपाळच्या त्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारातील ३३७ टन कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा कंटेनरमधून निघाला, ३ तारखेला पीथमपूर बंद होते, दोन आंदोलकांनी पेटवून घेण्याचा प्रयत्न केला, आणि लोकांना विश्वासात घेण्यासाठी उच्च न्यायालयाकडून सहा आठवड्यांची मुदत मिळाली ती त्यानंतर. हेच आठवडे कंटेनर हलण्याआधी मिळाले असते, तर लोकांना समजावण्याच्या सभांना थोडा तरी अर्थ राहिला असता.

या कामासाठी आधी विज्ञानाची पदवी हवी, असे माझे ठाम मत आहे. थोडा कचरा जाळून घेतलेल्या चाचण्यांनंतर उरलेला कचरा जून २०२५ अखेर जाळून झाला, तेव्हा मागे राहिलेली राख व अवशेष ८०० टनांहून अधिक भरले. जाळलेल्यापेक्षा उरलेले जास्त कसे, हा प्रश्न तिथला किराणा दुकानदारही विचारणारच. आम्लधर्मी वायू शमवण्यासाठी चुना व इतर पदार्थ मिसळावे लागतात, त्यांचे वजन त्यात येते, हे उत्तर ज्याला देता येत नाही त्याचे पुढचे कोणी ऐकत नाही. आणि कचरा गेला तरी भोपाळच्या कारखान्याभोवतीची माती व भूजल दूषितच आहे, हेही त्याच दमात सांगावे लागते. ते लपवले की संपलेच.

म्हणून पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावे आणि सोबत समाजकार्याचा एखादा अभ्यासक्रम किंवा वर्षभराचे क्षेत्रकार्य करावे. नागपूरच्या नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेतील प्रकल्पपदे, प्रदूषण नियंत्रण मंडळे, पर्यावरण सल्लागार कंपन्या आणि स्वयंसेवी संस्था ही प्रवेशाची दारे आहेत. सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे आपण पालक म्हणून गृहीत धरा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने राज्य मंडळाला द्यायची आहे, त्यामुळे हे काम वाढेल असे मला वाटते.

अमेरिकेत दूषित जागा स्वच्छ करण्यासाठीच्या १९८० च्या सुपरफंड कायद्याखालील व्यवस्थेत बाधित वस्तीच्या गटाला स्वतःचा तज्ज्ञ नेमण्यासाठी सुरुवातीला ५०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकते, आणि तो तज्ज्ञ सरकारी अहवाल वस्तीच्या बाजूने वाचतो. आपल्याकडे अशा पदाची जाहिरात सहसा निघत नाही. मुलीने ती भूमिका संस्थेत शिरून स्वतःच घडवावी लागेल.

प्रवेश अर्ज भरण्यापूर्वी तिला एक काम द्या. चाचण्यांत कचरा ताशी १३५, १८० आणि २७० किलो या वेगाने जाळला होता. वेग का बदलला आणि राखेचे वजन का वाढले, हे तिने एका पानात साध्या हिंदीत लिहावे, पीथमपूरला जाऊन पाच जणांना वाचून दाखवावे आणि त्यांनी विचारलेले प्रश्न मला जसेच्या तसे पाठवावेत. विषय कोणते घ्यायचे, ते त्यावरून ठरवू.