गोवा एवढासा, मग आमदारांना प्रवासखर्च कशासाठी?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. गोव्यात सकाळी निघालेला माणूस कुठेही जाऊन संध्याकाळी घरी परततो, मग आमदारांना प्रवासखर्च का द्यायचा? तो कुठल्या आधारावर दिला जातो? आणि त्याचा हिशेब सामान्य माणसाला बघता येतो का? माझी नोकरी सरकारी लेखा शाखेत गेली. टीए, म्हणजे प्रवासभत्त्याची, बिलं तपासणं हेच मुख्य काम. आमदारांची बिलं विधिमंडळ सचिवालयात होतात, माझ्या टेबलावर ती येत नसत. पण प्रवासखर्चामागचं तत्त्व शिपायापासून आमदारापर्यंत एकच असायला हवं असं मला मनापासून वाटतं, म्हणून लिहितो.

आधी 'का'. द्यायलाच हवा. काणकोणचा आमदार अधिवेशनाला पर्वरीला येतो तेव्हा करमल घाट, बाळ्ळी, कुंकळ्ळी, मडगाव, झुवारीचा पूल, पणजी आणि मग मांडवी ओलांडतो. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास. पणजीच्या आमदाराला मांडवी ओलांडली की सभागृह. पगार दोघांचा सारखा. दूरच्या आमदाराचा खर्च भरून दिला नाही, तर सांगे-काणकोणची बाजू मांडणं पणजीची बाजू मांडण्यापेक्षा महाग पडेल. आणि ज्याच्या घरी खाण नाही, बार्ज नाही, हॉटेल नाही, त्याने निवडणुकीला उभंच राहू नये असा त्याचा अर्थ होईल. शिवाय अधिवेशन संपलं की काम संपत नाही. लोकलेखा समिती, अंदाज समिती, आश्वासन समिती अशा विधानसभेच्या समित्यांच्या बैठका मधल्या काळात चालतात, आणि खरी बारीक तपासणी तिथेच होते. त्या बैठकांना आमदार यावेत असं आपल्याला वाटत असेल, तर येण्याजाण्याचा खर्च आपणच उचलला पाहिजे.

आधार सांगायचा तर घटनेचं कलम १९५. आमदारांचा पगार आणि भत्ते विधानसभेने स्वतः कायदा करून ठरवायचे, असं ते कलम सांगतं. त्यानुसार गोव्यात आमदारांचे वेतन, भत्ते आणि पेन्शन यांचा २००४चा कायदा आहे. दर या कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत असतात, आणि दुरुस्ती झाली की ती राजपत्रात छापून येते. म्हणजे घेणारे आणि ठरवणारे एकच. राज्य कुठलंही असो, पगारवाढीच्या विधेयकावर सहसा विरोधी बाकांवरूनही फारसा आवाज निघत नाही. म्हणून ही जागा नागरिकांनीच डोळ्यांत तेल घालून बघायची आहे.

आता ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो तो. प्रवासाच्या नावाने मिळणारे पैसे सगळे एका जातीचे नसतात. एक प्रकार प्रत्यक्ष प्रवासाचा: अमुक बैठकीला आलात, इतके किलोमीटर, इतका दर. दुसरा दैनिक भत्ता: बैठकीच्या दिवशी हजर होतात म्हणून. तिसरा ठोक: दर महिन्याला ठरावीक रक्कम, मतदारसंघात फिरण्यासाठी, गाडीसाठी. गाडी फिरली किंवा महिनाभर दारात उभी राहिली, तरी रक्कम तीच. वर्तमानपत्रात या तिन्हींची बेरीज छापून येते, लोक भडकतात, आणि चर्चा तिथेच संपते. माझं म्हणणं असं की पहिल्या दोघांबद्दल तक्रार करू नये. प्रश्न विचारायचा तो तिसऱ्याबद्दल.

सरकारी नोकरांसाठीच्या मूलभूत नियमांत नियम ४४ आहे. त्याचा सारांश असा, की भरपाईचा भत्ता एकूणात घेणाऱ्याच्या कमाईचं साधन होता कामा नये. आमच्या शाखेत नवीन येणाऱ्याला पहिल्यांदा हेच शिकवायचे. टीए बिलाच्या फॉर्मवर रकाने असतात: कुठून निघालात, तारीख आणि वेळ, कुठे पोचलात, पुन्हा तारीख आणि वेळ, वाहन कुठलं, किलोमीटर किती, काम काय. वाळपईच्या एखाद्या कर्मचाऱ्याने पणजीच्या बैठकीसाठी कदंबा बसचं भाडं लावलं, आणि त्याच दिवशी खात्याच्या जीपच्या लॉगबुकात त्याचं नाव दिसलं, तर बिल आक्षेप लागून परत जायचं. घरून निघाला की मुख्यालयातून, एवढ्यावरून चार किलोमीटर कापलेले मी पाहिले आहेत. खालच्या कारकुनाला हा काटा लावतो, तर कायदे करणाऱ्यांनाही तोच लावा. त्यात त्यांचा अपमान काहीच नाही.

हीच रेषा सर्वोच्च न्यायालयानेही ओढली आहे. जया बच्चन यांची राज्यसभेची जागा गेली ते प्रकरण २००६ सालचं. त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या, आणि ते लाभाचं पद, म्हणजे खासदाराला धरता न येणारं सरकारी फायद्याचं पद, ठरलं. खिशातून झालेला प्रत्यक्ष खर्च भरून दिला तर तो लाभ नव्हे, पण मानधन, भाड्याविना घर, सरकारी खर्चाने चालकासह गाडी हा मोबदलाच, असं न्यायालयाने म्हटलं. पैशाला नाव काय दिलंय ते बघायचं नाही, माणसाच्या पदरात काय पडतं ते बघायचं. गोव्यात हे विशेष लागू आहे, कारण आपल्याकडे कित्येक आमदार महामंडळांचे अध्यक्ष असतात आणि पदाबरोबर गाडीही येते. गाडी महामंडळाची, डिझेल महामंडळाचं, तर त्या फेरीचे किलोमीटर विधिमंडळाकडून घेता येऊ नयेत. दोन कार्यालयांची कागदपत्रं समोरासमोर ठेवल्याशिवाय असं दुहेरी बिल पकडता येत नाही.

खासदारांच्या वेतन-भत्त्यांच्या १९५४च्या कायद्यातली एक तरतूद मला नेहमी खटकते. विमानाने गेल्यास भाड्याच्या सव्वापट रक्कम. विमानतळापर्यंतची टॅक्सी वगैरे धरून तो पाव हिस्सा ठेवला असेलही, पण मग टॅक्सीची पावती घ्या आणि तेवढेच द्या. तिकीट महाग झालं की पाव हिस्साही फुगतो, टॅक्सीचं भाडं मात्र तेवढंच असतं. उलट रस्त्याच्या प्रवासाला २०१० साली ठरलेला किलोमीटरला १६ रुपयांचा दर मला योग्य पद्धतीचा वाटतो, कारण फेरी झाली तरच पैसे. कराचंही असंच आहे. १९६१च्या आयकर कायद्यात कलम १०(१७) खाली आमदाराचा दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता दोन्ही करमुक्त धरले. पगाराऐवजी ठोक भत्ता वाढवण्याकडे कल का असतो, हे त्यावरून कळेल.

हिशेब बघायचा कसा? अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत प्रमुख शीर्ष २०११ शोधा (हे साल नव्हे, खर्चाच्या खात्याचा क्रमांक), विधिमंडळाचा खर्च तिथे असतो. त्यात एकूण रकमा मिळतील, आमदारनिहाय नाही. त्यासाठी पर्वरीला विधिमंडळ सचिवालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा, १० रुपये शुल्क. मराठीत लिहायला हरकत नाही, १९८७च्या राजभाषा कायद्यात कोकणीसोबत मराठीलाही शासकीय कामासाठी स्थान आहे. 'सगळ्या आमदारांचा सगळा खर्च' असं मोघम मागू नका. एक आमदार, एक आर्थिक वर्ष, आणि तिन्ही प्रकार वेगवेगळे मागा: फेरीनिहाय प्रवास, दैनिक भत्ता, ठोक रक्कम. त्यासोबत त्याच काळातला बैठकांच्या हजेरीचा तक्ता मागा. तारखा जुळवल्या की अर्धं काम झालं. आमदार महामंडळावर असेल तर तिथे दुसरा अर्ज करून गाडीच्या लॉगबुकाची प्रत मागा.

२०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातली वैयक्तिक माहितीची तरतूद आणखी कडक केली आहे, त्यामुळे 'ही वैयक्तिक माहिती' असं उत्तर येऊ शकतं. म्हणून अर्जातच लिहा की हा सार्वजनिक पैसा आहे आणि माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) नुसार जनहित मोठं ठरतं. घरचा पत्ता आणि बँक खात्याचा क्रमांक झाकून बाकी द्यावं असंही लिहा, त्याच कायद्याचं कलम १० त्यासाठीच आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत तिथेच पहिलं अपील करा. तिथेही नाही झालं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. पोचपावती आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का मात्र जपून ठेवा, मुदतीचा वाद निघाला की तेच दाखवावं लागतं.