वरचा पंख तिरका, तारा सैल

प्रश्न : टायगर मॉथ या दुहेरी पंखांच्या जुन्या विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल १/७२ मापाच्या किटमधून बनवतोय. त्याचा वरचा पंख दर वेळी तिरका बसतो. पंखांमधल्या तारांसाठी लावलेला शिवणाचा दोरा सैल पडतो. पावसाळ्यात लॅकर रंगाचा स्प्रेही पांढुरका होतो. काय चुकतंय?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वरच्या पंखाला धरणारे सगळे खांब एकदम चिकटवता, घोळ तिथंच आहे. वरचा पंख वेगळा रंगवून ठेवा. आधी धडावरचे मधले चार खांब लावा, जाड पुठ्ठ्याच्या साच्याचा टेकू देऊन रात्रभर सुकू द्या. मग पंख आणि बाहेरचे खांब. टायगर मॉथचा वरचा पंख खालच्यापेक्षा थोडा पुढेच असतो. तो ‘सरळ’ करायला जाऊ नका.

शिवणाचा दोरा विसरा, या मापाला त्याची लव दोरखंडासारखी दिसते. किटचे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात, तिचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नव्हे, फिरवत मऊ करा आणि बाजूला घेऊन ओढा. केसाएवढी तार निघते. तिच्यासाठी ०.३ मिमीची भोकं पंख जोडण्यापूर्वीच पाडा. बसवलेली तार सैल वाटली तर उदबत्तीचा निखारा जवळ न्या, ती ताणली जाते. निखारा टेकला की तुटलीच! सुपरग्लू टाचणीच्या टोकानं लावा. जास्त झाला तर वाफेनं पुढची काच धुरकटते.

रंगाचं म्हणाल, तर थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतला ओलावा त्यावर धरतो. खानापूरच्या जुलैत हे होणारच. उघडीप मिळेपर्यंत थांबा, नाहीतर ब्रशनं ॲक्रिलिक लावा.